रंग ओळखता येईनात म्हणून चित्रकला सोडली आणि शेतकऱ्याच्या हातात लोखंडी नांगर दिला

विजेवर चालणारं रोटीमेकर घरात आलं की पहिला शेरा ठरलेला असतो. मशीनच्या चपातीला हाताची चव नाही. कोल्हापुरात तर भाकरी थापायचीच असते, दाबायची नसते, यावर वाद घालायला कुणी तयार होत नाही.

यंत्रावरचा हा अविश्वास जुना आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी याच भागात एका माणसाला तो फार महागात पडला होता. ते म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर.

20 जून 1869 ला बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला त्यांचा जन्म झाला. शाळेत मन रमेना, चित्रं मात्र झकास काढायचे. 1885 मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. दोनेक वर्षांत कळलं की त्यांना काही रंगांतला फरकच दिसत नाही. चित्रकाराच्या दृष्टीने खेळ खल्लास. मग त्यांनी यंत्रांची रेखाचित्रं शिकून घेतली आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला लागले. तिथे बढतीची वेळ आली तेव्हा हक्क त्यांचा असूनही खुर्ची अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं.

तिथे थोरले बंधू रामुअण्णांसोबत सायकलींचं दुकान चालू होतं. त्याच जोरावर छोटा कारखाना निघाला. आधी कडबा कापायचं यंत्र आलं आणि 1903 च्या सुमारास परदेशी नांगर समोर ठेवून लोखंडी नांगर बनवला.

नांगर चांगला होता. घेणारं मात्र कुणी नव्हतं!

लोखंडाने जमिनीत विष उतरतं, अशी शेतकऱ्यांची पक्की समजूत होती. बाभळीचा नांगर बापजाद्यांपासून चालत आलेला, मग हे कशाला? त्यांना अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण एक हंगाम हुकला तर वर्षभर चूल कशी पेटायची, हा त्यांचा हिशोब होता. जवळपास दोन वर्षं नांगर कारखान्यात पडून राहिले. मग कुणी एकाने धाडस केलं, पीक जळालं नाही, तण मुळासकट निघालं, आणि शेजारी बघायला येऊ लागले.

सूर सापडतोय तोच बेळगावच्या नगरपालिकेने जागा खाली करायला सांगितली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर जमीन आणि 10 हजार रुपयांचं कर्ज त्यांनी दिलं. जमीन म्हणजे काय, खडक, निवडुंग आणि साप. 1910 मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. लक्ष्मणराव शिवाशिव मानत नव्हते, आणि तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांना त्यांनी वाडीच्या राखणीला ठेवलं.

कोल्हापूरचा खरा संबंध येतो तो पहिल्या महायुद्धात. परदेशातून येणारं लोखंड आटलं आणि कारखाना बंद पडायची वेळ आली. तेव्हा राजर्षी शाहू महाराजांच्या संस्थानात जुन्या तोफा पडून होत्या. त्या किर्लोस्करांना मिळाल्या, वितळल्या आणि त्यांचे नांगर झाले.

पुढे वाडीत उसाचे लोखंडी चरकही बनू लागले. कोल्हापूरकराला याचं मोल वेगळं सांगायला नको. लाकडी घाण्यात चिपाडातच बराच रस राहून जायचा. लोखंडी चरकाने तो पिळून काढला की काहिलीत रस जास्त आणि गुळाच्या ढेपाही जास्त. शाहूपुरीच्या पेठेत गुळाचा सौदा व्हायचा तिथपर्यंत हा फरक पोहोचत होता.

पुढच्या पिढीने कामाचा पसारा वाढवला. 1946 मध्ये बंगळुरूला विजेच्या मोटारींचा आणि पुण्यात ऑइल इंजिनांचा कारखाना निघाला. अशा इंजिनांवर गावोगावी पिठाच्या गिरण्या चालू लागल्या आणि पहाटे उठून जातं ओढणं बायकांच्या मागून सुटलं. गिरणीच्या पिठाची भाकरी जात्यासारखी लागत नाही, ही तक्रार तेव्हाही झालीच. पण तक्रार करणाऱ्यांत जातं ओढणारे हात किती होते, हे कुणी मोजलं नाही.

लक्ष्मणरावांचं निधन 26 सप्टेंबर 1956 ला झालं. 1969 मध्ये, जन्माला शंभर वर्षं झाली तेव्हा, भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं.