किनाऱ्यावरून दिवाणखान्यात आलेला समुद्र

घरी खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय ठेवणाऱ्या माणसाचे एक काम कधी चुकत नाही. बादलीभर शुद्ध पाण्यात मापून क्षार विरघळवायचे, पाण्याचा खारेपणा तपासायचा आणि मगच ते पाणी प्रवाळ व मासे असलेल्या काचपेटीत ओतायचे. पुण्या-नागपूरसारख्या, समुद्राची गाज कधीही न ऐकू येणाऱ्या शहरांतही हे घडते. हा कृत्रिम समुद्र तयार करण्याची कृती दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी लंडनमध्ये ज्याने यशस्वी करून दाखविली, त्या माणसाचे नाव फिलिप हेन्री गॉस. ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द आजच्या अर्थाने रूढ झाला तोही त्यांच्याच लेखणीमुळे. मात्र इंग्रजी साहित्याच्या वाचकाला गॉस आठवतात ते एका कठोर, धर्मवेड्या पित्याच्या रूपात. या दोन प्रतिमांच्या मध्ये एका माणसाचे आयुष्य उभे आहे, आणि त्या आयुष्याच्या अखेरीस एक जड हिशेबही आहे.

गॉस यांचा जन्म ६ एप्रिल १८१० रोजी इंग्लंडमधील वुस्टर येथे झाला. वडील छोटी व्यक्तिचित्रे रंगवीत गावोगाव हिंडणारे चित्रकार होते. घरात पैसा नव्हता. बालपण डॉर्सेटमधील पूल या बंदरात गेले. तेथे एका आत्याने या मुलाला समुद्रफुलांची ओळख करून दिली. खडकाला चिकटून राहणारा आणि पाणी आले की पाकळ्यांसारखे बाहू पसरणारा हा प्राणी त्याच्या मनात कायमचा घर करून राहिला. चित्रकलेचा हात वडिलांकडून आणि समुद्राचे वेड आत्याकडून, एवढीच काय ती वारसाहक्काने मिळालेली संपत्ती.

वयाच्या सतराव्या वर्षी, १८२७ मध्ये, गॉस यांना न्यूफाउंडलंडमधील कार्बोनिअर येथे एका व्यापारी पेढीत कारकुनी पत्करावी लागली. हिशेबाच्या वह्यांतून वेळ काढून ते कीटक गोळा करीत आणि त्यांची चित्रे काढीत. पुढे कॅनडात शेती करून पाहिली. ती तीन वर्षांत बुडाली. १८३८ मध्ये अमेरिकेतील अलाबामात त्यांनी मळेवाल्यांच्या मुलांसाठी शाळा चालविली, पण तेथील गुलामगिरी त्यांना सहन झाली नाही. १८३९ मध्ये ते जवळजवळ रिकाम्या हाताने मायदेशी परतले. जहाजावर लिहिण्यास घेतलेले ‘द कॅनेडियन नॅचरलिस्ट’ हे पुस्तक १८४० मध्ये प्रसिद्ध झाले आणि लेखक म्हणून त्यांचे पाऊल स्थिरावले. त्यानंतर १८४४ ते १८४६ या काळात जमैकात राहून त्यांनी तेथील पक्ष्यांचा अभ्यास केला.

१८४८ मध्ये त्यांचा विवाह एमिली बोज यांच्याशी झाला. दोघेही ‘प्लिमथ ब्रदरन’ या कडव्या ख्रिस्ती पंथाचे अनुयायी होते. बायबलमधील शब्दन् शब्द खरा, ही दोघांची अढळ श्रद्धा. २१ सप्टेंबर १८४९ रोजी त्यांना मुलगा झाला, त्याचे नाव एडमंड. त्या दिवशी गॉस यांनी रोजनिशीत दोन नोंदी केल्या. एक मुलाच्या जन्माची. दुसरी, जमैकाहून हिरवी पाकोळी मिळाल्याची. पुढे अनेकांना या नोंदींत पित्याचा कोरडेपणा दिसला. वास्तविक ती नोंदींच्या काटेकोरपणाची सवय होती. जे ज्या क्रमाने घडले ते त्या क्रमाने लिहायचे, एवढेच.

अतिश्रमाने प्रकृती ढासळल्यामुळे १८५२ मध्ये गॉस कुटुंबासह डेव्हनच्या किनाऱ्यावर राहावयास गेले. पूलमधील बालपण जणू परत आले. ओहोटी लागली की हातोडा, छिन्नी, बरण्या आणि टोपली घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उतरायचे, खडकांतील कुंडांमध्ये डोकावायचे, हा त्यांचा नित्यक्रम झाला. इल्फ्राकूमच्या खडकांवर त्यांना शेंदरी-सोनेरी रंगाचे एक चिमुकले प्रवाळ आढळले. शास्त्राला ते नवीन होते. आजही त्या प्रवाळाच्या शास्त्रीय नावामागे गॉस यांचे नाव लावले जाते.

समुद्रातील प्राणी किनाऱ्यापासून दूर जिवंत ठेवण्याचा प्रयत्न करणारे गॉस एकटे नव्हते. अ‍ॅना थिन या बाईंनी १८४६ मध्ये टॉर्कीहून काही प्रवाळ लंडनला आणले होते. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून ओतीत राही. पुढे त्यांनी पाण्यात समुद्रशेवाळ ठेवले. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० मध्ये गोड्या पाण्यात मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी यांचा समतोल साधून दाखविला, व नंतर खाऱ्या पाण्याकडे मोर्चा वळविला. वनस्पतीने प्राणवायू द्यावा, प्राण्याने तो घ्यावा, हे तत्त्व सर्वांच्या प्रयोगांमागे होते. इंग्लंडमध्ये काचेवरील कर १८४५ मध्ये रद्द झाला होता, त्यामुळे मोठ्या काचा स्वस्त झाल्या होत्या. सर्व सामग्री जुळून आली होती. लोकांना हे सारे सोप्या आणि सुंदर भाषेत सांगणारा लेखक तेवढा हवा होता.

मे १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात लोखंड आणि काचेचे ‘फिश हाउस’ उघडले. हे जगातील पहिले सार्वजनिक मत्स्यालय. त्यातील अनेक सागरी प्राणी गॉस यांनीच किनाऱ्यावरून पाठविले होते. पुढच्याच वर्षी त्यांचे ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक निघाले. त्यातील रंगीत चित्रे त्यांच्या स्वतःच्या हातची होती. लोकांनी ते अक्षरशः उचलून धरले. १८५५ मध्ये घरी मत्स्यालय कसे करावे हे सांगणारी छोटी मार्गदर्शिकाही त्यांनी लिहिली. हवेने पाणी उडते, क्षार उडत नाहीत. म्हणून कमी झालेल्या पाण्याची भर गोड्या पाण्याने करावी. मेलेला प्राणी ताबडतोब काढावा. उन्हाचा मारा होऊ देऊ नये. हे नियम आजच्या प्रवाळ-मत्स्यालयांतही जसेच्या तसे पाळले जातात.

समुद्रापासून दूर राहणाऱ्यांचे काय, या प्रश्नाचे उत्तर गॉस यांनी १८५४ मध्ये शोधले. समुद्राच्या पाण्याचे उपलब्ध रासायनिक पृथक्करण समोर ठेवून त्यांनी चार क्षार निवडले : साडेतीन औंस मीठ, पाव औंस एप्सम सॉल्ट, २०० ग्रेन मॅग्नेशियम क्लोराइड आणि ४० ग्रेन पोटॅशियम क्लोराइड. हे सर्व सुमारे साडेचार लिटर पाण्यात विरघळविले. त्यात आधी हिरवे शेवाळ धरलेले दगड ठेवले आणि काही दिवसांनंतरच प्राणी सोडले. ते जगले. शेवाळाच्या प्राणवायूमुळे पाणी राहण्याजोगे झाले, असे गॉस समजत होते. ते चूक नव्हते, पण अपुरे होते. प्राण्यांच्या विष्ठेतून निर्माण होणाऱ्या विषारी अमोनियाचे रूपांतर करणारे जीवाणू दगडांवर वाढतात, हे तेव्हा कोणाला ठाऊक असणे शक्य नव्हते. या जीवाणूंचा उलगडा सर्गेई विनोग्रादस्की यांनी केला तो १८९० च्या सुमारास. आजचे हौशी लोक काचपेटीत ‘जिवंत दगड’ ठेवून आठवडे-आठवडे धीर धरतात, तो याच जीवाणूंसाठी. शिवाय गॉस यांचे प्रवाळ थंड पाण्यातले, अन्न पकडून खाणारे होते. उष्ण कटिबंधातील प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल वसते. त्यांना प्रखर प्रकाश, खेळते पाणी आणि पुरेसे कॅल्शियम लागते. ते घरी वाढविण्यास आणखी शंभर वर्षे जावी लागली.

इकडे इंग्लंडला मत्स्यालयाचे वेड लागले. दिवाणखान्यात समुद्रफुले असणे ही प्रतिष्ठेची खूण ठरली. लंडनमध्ये विल्यम अल्फर्ड लॉइड यांच्यासारख्यांनी सागरी प्राणी आणि पेट्या विकण्याची दुकाने थाटली. आगगाडीने किनारा जवळ आणला होता. गॉस यांनी स्वतः १८५५ मध्ये इल्फ्राकूम येथे किनाऱ्यावरचे वर्ग घेतले. प्रतिष्ठित घरांतील स्त्री-पुरुष त्यांच्यामागून खडकांवर चढत, दगड उलथून पाहत. १८५६ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. गॉस यांच्या आयुष्यातील हा परमोच्च बिंदू होता.

त्याच वर्षी एमिली यांना स्तनाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. वेदनादायक उपचारांचा काही उपयोग न होता फेब्रुवारी १८५७ मध्ये त्यांचे निधन झाले. एडमंड तेव्हा सात वर्षांचा होता. त्याच वर्षाच्या अखेरीस गॉस यांनी ‘ऑम्फॅलॉस’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. ऑम्फॅलॉस म्हणजे बेंबी. मातेच्या उदरी न जन्मलेल्या आदमलाही बेंबी असणारच, त्याचप्रमाणे ईश्वराने पृथ्वी घडविताना तिच्यात भूतकाळाच्या खुणा घालूनच घडविली, मग खडकांतील जीवाश्म हे प्रत्यक्ष युगांचा पुरावा कसे ठरतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. विज्ञान आणि बायबल यांचा समेट करण्याची ही धडपड होती. दोन्ही बाजूंनी ती झिडकारली. देव खडकांत खोटे लिहील, हे श्रद्धाळूंनाही पटेना. डार्विनचा ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हा ग्रंथ यायला तेव्हा अवघी दोन वर्षे उरली होती.

मुलाला घेऊन गॉस डेव्हनमधील सेंट मेरीचर्च येथे कायमचे राहावयास गेले आणि पुन्हा समुद्राला शरण गेले. ब्रिटनमधील समुद्रफुले आणि प्रवाळ यांच्यावरील त्यांचा ‘ॲक्टिनोलॉजिया ब्रिटानिका’ हा ग्रंथ १८५८ ते १८६० या काळात पूर्ण झाला. अभ्यासकांनी तो दीर्घकाळ प्रमाण मानला. त्यासाठी पिता-पुत्र तासन् तास खडकांवर ओणवे होऊन बसत. घरातील धार्मिक शिस्त मुलाला जाचत असे; पण खडकातल्या कुंडात दोघांची डोकी एकत्र येत, तेव्हा ते क्षण निखळ आनंदाचे असत.

आणि याच किनाऱ्यावर गॉस यांना आपल्या यशाची किंमत दिसू लागली. त्यांच्या पुस्तकांनी प्रेरित झालेली माणसे हातोडे घेऊन आली होती. लाटांनी शतकानुशतके जपलेली कुंडे खरवडली गेली. शेवाळे उपटली गेली, समुद्रफुले बरण्यांत गेली आणि त्यांतली बहुतेक काही दिवसांतच काचेआड मेली. १८६० च्या दशकात हे वेड ओसरले, पण तोपर्यंत व्हायचे ते नुकसान झाले होते. एडमंड यांनी १९०७ मध्ये ‘फादर अँड सन’ या आत्मकथनात या उद्ध्वस्त किनाऱ्याचे वर्णन केले आहे. आपण लोकांना दाखविलेल्या सौंदर्याचा आपल्यामुळेच नाश झाला, ही खंत वडिलांना अखेरपर्यंत छळत होती, असे ते सांगतात. आपल्या पित्याशी श्रद्धेच्या प्रश्नावर कायमची फारकत घेतलेल्या मुलाने या एका दुःखात मात्र त्यांची बाजू समजून घेतली.

गॉस यांनी १८६० मध्ये एलायझा ब्राइटविन यांच्याशी दुसरा विवाह केला. उत्तरायुष्यात ते ऑर्किड जोपासण्यात, आकाशनिरीक्षणात आणि रोटिफर या सूक्ष्म प्राण्यांच्या अभ्यासात रमले. या प्राण्यांवरील सी. टी. हडसन यांच्यासह केलेला ग्रंथ १८८६ मध्ये पूर्ण झाला. २३ ऑगस्ट १८८८ रोजी त्यांचे निधन झाले.

लंडनच्या फिश हाउसनंतर सुमारे शतकाने, १९५१ मध्ये, मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उभे राहिले आणि मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी समुद्राचा तळ प्रथम तेथेच काचेतून पाहिला. कुतूहल जागे करण्याचे गॉस यांचे स्वप्न तेथे खरे झाले. त्यांची खंतही आपल्यापर्यंत पोहोचली आहे. भारतात २००१ मध्ये खडक रचणाऱ्या प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघाच्या बरोबरीने, स्थान देण्यात आले. आपल्या समुद्रातून प्रवाळाचा तुकडा काढून आणणे हा गुन्हा आहे. जगभरच्या छंदिष्टांनीही प्रवाळाचा लहान तुकडा काचपेटीतच वाढवून इतरांना देण्याची पद्धत रुजविली आहे. विदूषक मासा तर आता मोठ्या प्रमाणावर मत्स्यपैदास केंद्रांत जन्मतो. पण बाजारातील खाऱ्या पाण्याच्या माशांच्या बहुतेक जाती अजूनही समुद्रातूनच पकडल्या जातात.

म्हणूनच काचपेटीसाठी मासा घेताना तो कोठून आला, हे विचारणे आवश्यक ठरते. क्षार मापून पाणी तयार करण्याची विद्या गॉस यांनी पुस्तकात लिहून ठेवली. किनाऱ्याला न ओरबाडता समुद्र घरी आणण्याची विद्या त्यांना साधली नाही. ती शिकण्याची जबाबदारी त्यांच्यानंतर मत्स्यालय ठेवणाऱ्या प्रत्येकावर आहे.