दौलतराव शिंदे : तोफा होत्या, पत नव्हती

जालना जिल्ह्यातील भोकरदनजवळच्या असई या लहानशा गावाचे नाव इंग्रजांच्या इतिहासग्रंथांतून जितके आढळते, तितके ते मराठी माणसाच्या बोलण्यात आढळत नाही. केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात २३ सप्टेंबर १८०३ रोजी तेथे झालेल्या लढाईने दख्खनचे भवितव्य ठरविले. या पराभवाची मीमांसा करताना इंग्रजांची शिस्त, त्यांची शस्त्रास्त्रे आणि मराठ्यांनी सोडून दिलेला गनिमी कावा ही कारणे हमखास सांगितली जातात. परंतु त्या दिवशी शिंद्यांच्या तोफा इतक्या अचूक चालल्या की, आर्थर वेलस्लीच्या सैन्यापैकी दीड हजारांवर माणसे ठार वा जखमी झाली. सुमारे एक तृतीयांश लढाऊ फौज एका दुपारी गमावणाऱ्या सेनापतीला शत्रूच्या शस्त्रांविषयी तुच्छता वाटणे शक्यच नव्हते. म्हणजे उणीव तोफखान्यात नव्हती. ती शोधण्यासाठी दौलतराव शिंदे या माणसाच्या आयुष्याकडे, आणि त्याहूनही त्याच्या जमाखर्चाकडे, पाहिले पाहिजे.

महादजी शिंदे १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीस निवर्तला. त्याला पुत्र नव्हता. भाऊ तुकोजीचा नातू दौलतराव वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्या अफाट दौलतीचा धनी झाला. दिल्लीच्या बादशहाचा कारभार, माळवा, दुआब, आग्रा आणि त्याबरोबर द ब्वान्य या सेनानीने उभी केलेली कवायती पलटणे, इतके सारे त्याच्या पदरी आले. ही पलटणे महादजीने केवळ हौसेने उभारली नव्हती. त्यांच्या पगारासाठी दुआबातील सुपीक मुलूख जायदाद म्हणून स्वतंत्र लावून दिला होता आणि त्याचा वसूल थेट फौजेच्या खर्चास जात असे. शिपायाला दरमहा पगार मिळे, म्हणून तो उभा राही. कवायती सैन्याचे सारे रहस्य या एका व्यवस्थेत होते, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

दौलतराव मात्र उत्तरेकडे गेलाच नाही. १७९५ मध्ये खर्ड्यावर निजामाचा पराभव झाला, त्यात त्याच्या पलटणांचा मोठा वाटा होता. त्याच वर्षी सवाई माधवरावाचा मृत्यू झाला आणि पेशवाईच्या वस्त्रांसाठी जो खेळ सुरू झाला त्यात हा तरुण सरदार पुरता गुंतला. दुसऱ्या बाजीरावाने गादीसाठी त्याला भली मोठी रक्कम कबूल केली. १७९६ च्या डिसेंबरात बाजीराव पेशवा झाला. पैसा मात्र आला नाही. इकडे उत्तरेच्या वसुलावर पोसली जाणारी फौज पुण्याच्या माळावर तळ देऊन बसली होती. तिचा खर्च रोजचा आणि उत्पन्न दूरचे, तेही पेराँ या फ्रेंच सरदाराच्या हातून येणारे. फौजेचे पगार थकू लागले.

यानंतर जे घडले ते या चरित्रातील सर्वांत काळे प्रकरण होय. ३१ डिसेंबर १७९७ रोजी नाना फडणिसाला दग्याने कैद करण्यात आले. पुढे १७९८ मध्ये दौलतरावाचा सासरा सर्जेराव घाटगे याने पुण्यातील सावकार, व्यापारी आणि नानाच्या पक्षातील मुत्सद्दी यांच्याकडून पैसा काढण्याचे सत्र आरंभिले. फटके मारणे, उपाशी ठेवणे येथपासून तापलेल्या तोफेस बांधण्यापर्यंत मजल गेली. काहींचे प्राणही गेले. पेशव्याकडून येणे असलेली रक्कम पेशव्याच्याच प्रजेकडून वसूल करण्याची ही तऱ्हा होती आणि ती खुद्द बाजीरावानेच सुचविली होती, असे इतिहासकार सांगतात. पुढे नानाची सुटका झाली तीही पैसे मोजून घेऊन. सर्जेरावाची कन्या बायजाबाई हिचा दौलतरावाशी विवाह याच वर्षी, याच धामधुमीत झाला.

लुटीत किती रुपये हाती आले, यापेक्षा त्या लुटीने काय गेले हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. सावकार हा राज्याचा केवळ धनको नसतो. त्याची हुंडी पुण्याहून उज्जैनला, सुरतेहून बनारसला पटते, म्हणून दूरचा वसूल जवळच्या फौजेला वेळेवर मिळतो. ज्या सावकाराला एकदा तापल्या तोफेजवळ उभे केले, तो पुन्हा कर्ज देत नाही. तो धन पुरून ठेवतो किंवा कंपनी सरकारच्या मुलखात हलवतो. दौलतरावाने एका वर्षाचा खर्च भागविला आणि पुढच्या सर्व वर्षांची पत घालविली. मग महादजीच्या विधवांनी बंड केले. होळकरांशी वैर विकोपास गेले, १८०१ साली उज्जैन आणि इंदूर ही दोन्ही शहरे आळीपाळीने होरपळली. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकराने पुण्याजवळ हडपसरला शिंदे व पेशवे यांच्या फौजेचा धुव्वा उडविला. बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबरला वसईच्या तहावर सही करून इंग्रजांच्या आश्रयास गेला.

येथे जरा दूरवर, थेट अमेरिकेकडे पाहणे इष्ट ठरेल. सप्तवार्षिक युद्धाचे कर्ज फेडण्यासाठी इंग्लंडने तेथील वसाहतींवर कर लादले. १७७३ साली बोस्टनच्या बंदरात फेकला गेलेला चहा याच ईस्ट इंडिया कंपनीचा होता. अमेरिकेत १७७५ साली युद्ध पेटले, त्याच वर्षी इकडे पहिले मराठा-इंग्रज युद्ध सुरू झाले. दोन्हीकडे इंग्रजांना माघार घ्यावी लागली. सालबाईचा तह १७८२ साली महादजीच्या मध्यस्थीने झाला, तर त्याच्या आदल्या वर्षी यॉर्कटाउनला लॉर्ड कॉर्नवॉलिस शरण गेला होता. हाच कॉर्नवॉलिस १७८६ साली गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्यास आला. त्याने १७९३ मध्ये बंगालचा सारा कायमचा ठरवून टाकला. या कायमधाऱ्याने तेथील रयतेचे जे हाल केले ते सर्वश्रुत आहेत. पण कंपनीला कर्ज देणाऱ्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ निराळा होता: दरसाल अमुक रक्कम येणारच, ही खात्री. त्या खात्रीवर कंपनीचे रोखे खपत आणि देशी सावकारांच्या हुंड्या तिच्या फौजांमागे चालत. सावकार परकीयांना फितूर झाले असे म्हणणे सोपे आहे; मात्र त्यांना आपल्या राज्यकर्त्यांनी कोणती वागणूक दिली होती, हे त्या वेळी सोयीस्करपणे विसरले जाते.

१८०३ च्या ऑगस्टमध्ये युद्ध सुरू झाले. अहमदनगरचा किल्ला १२ ऑगस्टला पडला आणि महिनाअखेरीस वेलस्ली औरंगाबादला पोहोचला. दौलतराव आणि नागपूरकर रघूजी भोसले अजिंठ्याच्या घाटाने खाली उतरले होते. वेलस्लीचा भर बैल, धान्य आणि रोख रक्कम यांवर होता. बंजाऱ्यांना पैसे मिळत, म्हणून त्यांचे तांडे त्याच्या मागे राहत. शिंद्यांच्या नोकरीतील इंग्रज अंमलदारांना कंपनीने एका जाहीरनाम्याने पगाराची हमी दिली आणि ऐन युद्धात कित्येक अंमलदार निघून गेले. असईला पायदळाची सूत्रे पोलमन या जर्मन अधिकाऱ्याकडे होती. तो पुढे कंपनीच्याच चाकरीत शिरला. उत्तरेत पेराँ सप्टेंबरातच इंग्रजांच्या आश्रयास गेला. शिपाई मात्र लढले. असईला गोलंदाज तोफांजवळच मरून पडले, लासवाडीला १ नोव्हेंबरला त्याचीच पुनरावृत्ती झाली. असईत नव्वदहून अधिक तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या.

३० डिसेंबर १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने दुआब, दिल्ली-आग्र्याचा मुलूख, भडोच आणि अहमदनगर गेले. दुआब गेला म्हणजे पलटणांची जायदादच गेली. अजिंठ्याच्या डोंगररांगेपासून गोदावरीपर्यंतचा शिंद्यांचा मुलूख, जालना आणि गंगापूर धरून, इंग्रजांनी घेतला व पुढील वाटणीत निजामाला दिला. मराठवाड्याच्या या पट्ट्याचे पुढील सुमारे दीडशे वर्षांचे राजकीय नशीब त्या कलमात ठरले. लढाईने उद्ध्वस्त झालेल्या दख्खनमध्ये १८०३-०४ साली भीषण दुष्काळ पडला; त्यात मेलेल्यांना सरहद्द कोणाची झाली हे कळण्याचे कारण नव्हते.

विजय कंपनीलाही स्वस्त पडला नाही. तिचे कर्ज दुपटीहून अधिक वाढले, संचालक हवालदिल झाले आणि गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्लीला परत बोलावण्यात आले. लढाया थांबविण्यासाठी पुन्हा वृद्ध कॉर्नवॉलिसलाच धाडण्यात आले. १८०५ च्या ऑक्टोबरात तो गाझीपूरला मरण पावला. या काटकसरीच्या धोरणाचा लाभ दौलतरावाला झाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातील तहाने ग्वाल्हेर आणि गोहद त्याला परत मिळाले.

१८१० साली त्याने ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली कायमचा तळ दिला. तंबूंच्या जागी वाडे उठले आणि त्या छावणीचेच लष्कर हे शहर झाले. १८१७ च्या नोव्हेंबरात त्याने इंग्रजांशी तह करून अखेरच्या मराठा युद्धातून अंग काढून घेतले. तेव्हा पेशवाई बुडाली, शिंदेशाही टिकली. २१ मार्च १८२७ रोजी दौलतराव वारला, तोवर त्याने दत्तक घेतला नव्हता. ते काम बायजाबाईंना करावे लागले. त्यांनी १८३३ पर्यंत राज्य चालविले. सर्जेरावाच्या या कन्येला पैशाचा व्यवहार उत्तम कळत होता, त्यांच्या सावकारी पेढ्या होत्या आणि त्यांच्या नावावर हुंड्या पटत. ब्रह्मदेशाच्या युद्धाने कर्जबाजारी झालेल्या कंपनीने ज्यांच्याकडून मोठी रक्कम उसनी घेतली, त्यांत बायजाबाईंचा ग्वाल्हेर दरबारही होता.