रहीमसाहेब : सचिव हैदराबादचे, प्रशिक्षक देशाचे

४ सप्टेंबर १९६२ रोजी जकार्ता येथील सेनायन मैदानावर भारताने दक्षिण कोरियाचा २-१ असा पराभव करून आशियाई क्रीडास्पर्धेतील फुटबॉलचे सुवर्णपदक पटकावले. गोवा मुक्त होऊन तेव्हा नऊ महिनेही झाले नव्हते. त्या विजयी संघात कोलवाळचा फोर्तुनात फ्रँको होता. चुनी गोस्वामी, पी. के. बॅनर्जी आणि तुलसीदास बलराम ही नावे त्या दिवसापासून घरोघरी पोचली. मात्र बंगाल, पंजाब, मुंबई आणि हैदराबाद येथून आलेल्या या खेळाडूंचा एक संघ घडवणारा माणूस मैदानाच्या कडेला उभा होता. सय्यद अब्दुल रहीम हे त्याचे नाव. हैदराबादकर त्यांना आदराने रहीमसाहेब म्हणत. प्रादेशिक संघटना आणि राष्ट्रीय महासंघ यांनी हातात हात घालून काम केले तर काय साधते, याचा भारतीय क्रीडाक्षेत्रातील बहुधा सर्वांत ठळक दाखला म्हणजे त्यांचे जीवन.

रहीमसाहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबाद येथे झाला. तो निजामी राजवटीचा काळ होता. तेलुगू, उर्दू, मराठी आणि कानडी बोलणारी प्रजा त्या संस्थानात एकत्र नांदत होती; आजचा मराठवाडाही त्याच राज्याचा भाग होता. सिकंदराबादच्या लष्करी छावणीमुळे फुटबॉलचे बीज या भूमीत लवकर रुजले. उस्मानिया विद्यापीठात शिकत असताना रहीमसाहेब विद्यापीठाच्या संघातून खेळले. पुढे त्यांनी शिक्षकी पेशा पत्करला. काचीगुडा आणि चादरघाट येथील शाळांत त्यांनी अध्यापन केले, शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण करून शाळेच्या क्रीडाविभागाची धुरा वाहिली. शिक्षकाची ही वृत्ती त्यांना अखेरपर्यंत सोडून गेली नाही.

हैदराबाद फुटबॉल असोसिएशनची स्थापना १९३९ साली झाली. १९४३ साली रहीमसाहेब तिचे सचिव झाले. प्रांतिक संघटनेचे सचिवपद म्हणजे स्पर्धांचे वेळापत्रक, मैदानांची तजवीज आणि वर्गणीचा हिशेब, असाच सर्वसाधारण समज असतो. रहीमसाहेबांनी त्या पदाला शाळेचे रूप दिले. संघटनेच्या छत्राखाली त्यांनी आगळ्यावेगळ्या स्पर्धा भरवल्या. एखाद्या स्पर्धेत चेंडू पायाशी खेळवत नेण्यास मनाई असे. तो मिळताच सहकाऱ्याकडे द्यावा लागे. दुसऱ्या एका स्पर्धेत ज्याचा जो पाय कच्चा, त्याच पायाने त्याने खेळायचे असा दंडक होता. ठरावीक उंचीच्या आतील मुलांसाठीही सामने होत. वरवर पाहता हे गमतीचे खेळ वाटत, परंतु त्यांतून दोन्ही पायांनी सारख्याच सहजतेने खेळणारी, एकट्याच्या करामतीपेक्षा संघाच्या चालीवर भरवसा ठेवणारी पिढी तयार झाली. असे प्रयोग दिल्लीच्या किंवा कोलकात्याच्या कार्यालयात बसून करता आले नसते. त्यांसाठी गल्लीतला मुलगा ओळखणारी स्थानिक संघटनाच हवी होती.

या मशागतीला लवकरच फळ आले. १९५० साली रहीमसाहेबांकडे हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षण आले. त्याच वर्षापासून १९५४ पर्यंत या संघाने मुंबईची रोव्हर्स चषक स्पर्धा सलग पाच वेळा जिंकली. १९५० साली मोहन बागानला नमवून ड्युरँड चषकही त्यांनी हैदराबादला नेला. कोलकात्याच्या बलाढ्य क्लबांची मक्तेदारी मोडणारा संघ दख्खनमधून उभा राहू शकतो, हे देशाने प्रथमच इतक्या स्पष्टपणे पाहिले.

अखिल भारतीय फुटबॉल महासंघ १९३७ साली अस्तित्वात आला होता, पण राष्ट्रीय संघाला स्वतःचे असे कायमचे घर नव्हते. खेळाडू प्रांतांचे आणि क्लबांचे. महासंघ त्यांना स्पर्धेपुरते उसने घेई आणि स्पर्धा संपताच ते आपापल्या ठिकाणी परतत. म्हणूनच प्रांतात जे शिकवले गेले असेल, त्यावरच राष्ट्रीय संघाची सारी भिस्त असे. महासंघाने हैदराबादच्या सचिवाकडे राष्ट्रीय संघ सोपवला, तो या पार्श्वभूमीवर. १९५१ साली दिल्लीतील पहिल्या आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मेवालाल यांच्या एकमेव गोलाने भारताने इराणला हरवले आणि सुवर्णपदक मिळवले.

पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला. आपले काही खेळाडू तेव्हाही अनवाणी खेळत होते आणि देशातील सामने आंतरराष्ट्रीय सामन्यांहून कमी वेळाचे असत. त्या पराभवानंतर महासंघाने बूट सक्तीचे केले. मात्र मध्यवर्ती संस्थेने काढलेला आदेश प्रत्येक प्रांतातील मैदानावर उतरला नाही तर तो कागदावरच राहतो. रहीमसाहेबांची जागा या दोहोंच्या मधोमध होती. वर जे ठरे, ते आपल्या प्रांतात अमलात आणणे आणि आपल्या प्रांतात जे साधले, ते वर पोचवणे, ही दोन्ही कामे एकाच माणसाकडे होती.

या दुहेरी भूमिकेत धोकाही होता. राष्ट्रीय संघाची सूत्रे एका प्रांताच्या सचिवाकडे असली की पक्षपाताची शंका सहज येते. कोलकाता आणि हैदराबाद यांच्यातील चुरस तर सर्वश्रुतच होती. या शंकेला उत्तर होते ते त्यांच्या संघांच्या रचनेत. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये हैदराबादचे बलराम, झुल्फिकारुद्दीन, नूर मोहम्मद, अझीझुद्दीन आणि अहमद हुसेन संघात होते. पण कर्णधार होते बंगालचे समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी आणि आक्रमणाची मदार होती मुंबईत खेळणाऱ्या, मूळच्या गोमंतकीय नेव्हिल डिसोझा यांच्यावर. नेव्हिल यांनी यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले, भारताने तो सामना ४-२ असा जिंकला आणि उपांत्य फेरी गाठली. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एकाच सामन्यात तीन गोल करणारे नेव्हिल हे पहिले आशियाई खेळाडू ठरले. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाने आणि कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने भारताला हरवले. तरीही चौथा क्रमांक ही भारताची ऑलिंपिक फुटबॉलमधील आजवरची सर्वोच्च कामगिरी आहे.

त्याच सुमारास हैदराबाद राज्य इतिहासजमा झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना अमलात आली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कानडी जिल्हे म्हैसूरला जोडले गेले आणि तेलंगण आंध्र प्रदेशात समाविष्ट झाले. राज्य नकाशावरून पुसले गेले, तरी फुटबॉलची संघटना काही काळ जुन्या नावाने उभी राहिली. लागोपाठ दोन हंगामांत मुंबईला हरवून हैदराबादने राष्ट्रीय अजिंक्यपदाचा संतोष चषक जिंकला. पुढे हैदराबाद आणि आंध्र येथील संघटनांचे एकत्रीकरण झाले. सीमा बदलल्या की संघटनांत भांडणे उद्भवतात, हा आपल्याकडचा नित्याचा अनुभव. इथे मात्र खेळाची परंपरा खंडित झाली नाही.

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताने फ्रान्सला १-१ असे बरोबरीत रोखले, हंगेरीशी १-२ असा निसटता पराभव पत्करला. जकार्ताला निघण्यापूर्वीच रहीमसाहेबांच्या शरीरात कर्करोगाने ठाण मांडले होते. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून ०-२ अशी हार झाली. थायलंडविरुद्ध बचावपटू जर्नेलसिंग यांच्या डोक्याला जबर जखम झाली. तैवान आणि इस्रायल यांना वगळल्याबद्दल भारतीय पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतल्यामुळे स्थानिक प्रेक्षक भारतीयांवर चिडले होते. अशा प्रतिकूल वातावरणात रहीमसाहेबांनी टाके घातलेल्या जर्नेलसिंगांना आघाडीच्या फळीत उतरवले आणि अंतिम सामन्यात गोलरक्षणाची जबाबदारी थंगराज यांच्यावर सोपवली. पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांच्या गोलांनी सुवर्णपदक भारताकडे आले.

त्यानंतर वर्षही उलटले नाही. ११ जून १९६३ रोजी रहीमसाहेबांचे निधन झाले. त्यांचे वय अवघे ५३ वर्षांचे होते. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला, तो त्यानंतर बावीस वर्षांनी. १९६५-६६ मध्ये आंध्र प्रदेशाने संतोष चषक जिंकला खरा, पण हैदराबादचा दबदबा हळूहळू ओसरत गेला. १९६० नंतर भारतीय फुटबॉल संघ ऑलिंपिकला पात्र ठरलेला नाही आणि १९६२ नंतर आशियाई सुवर्णपदकही मिळालेले नाही. हे सारे एका व्यक्तीच्या जाण्याने घडले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु प्रांत आणि केंद्र यांना जोडणारा दुवा एकाच माणसाच्या रूपात असला आणि त्याची व्यवस्था मागे उरली नाही, तर काय होते, हे या ऱ्हासातून दिसते.

गोव्याला हा धडा परका नाही. १९५९ साली पोर्तुगीज अमदानीत स्थापन झालेली इथली फुटबॉल संघटना मुक्तीनंतर राष्ट्रीय महासंघाशी जोडली गेली आणि १९८०च्या दशकात संतोष चषक गोव्यात आला. बुद्धिबळाच्या पटावरही हेच नाते दिसते. २००२ साली हैदराबादने बुद्धिबळाचा विश्वचषक भरवला, तेव्हा विश्वनाथन आनंद विजेते ठरले. २०२५ साली ती स्पर्धा गोव्यात झाली. अशा प्रसंगी मोठ्या संस्था येतात आणि निघून जातात. नंतर तालुक्यातालुक्यांत मुलांना शिकवायचे काम उरते ते राज्य संघटनेलाच. रहीमसाहेबांनी कच्च्या पायाच्या स्पर्धा भरवून वीस वर्षे नेमके तेच काम केले आणि त्यांच्या राष्ट्रीय संघाची शिदोरी तिथेच बांधली गेली.