रफी अहमद किडवई : कैदी ते गृहमंत्री

मुंबईत वडाळा-शिवडीकडे राहणाऱ्यांना रफी अहमद किडवई मार्ग ठाऊक आहे. या रस्त्याच्या नावाचं पोलीस ठाणंही तिथं आहे. आर.ए.के. मार्ग पोलीस स्टेशन, असं लोक म्हणतात. पण ज्यांचं नाव या ठाण्याच्या पाटीवर आहे, ते स्वतः एका मोठ्या प्रांताच्या पोलीस खात्याचे मंत्री होते, हे आपल्या किती मुलांना माहीत असेल? आम्ही वर्गात विचारलं, तेव्हा एकही हात वर आला नाही. म्हणून आज त्यांच्याविषयी.

रफी साहेबांचा जन्म १८ फेब्रुवारी १८९४ चा, उत्तर प्रदेशातल्या बाराबंकी जिल्ह्यातल्या मसौली गावचा. घराणं जमीनदारांचं. वालिद इम्तियाज अली सरकारी नोकरीत. मुलाला राजकारणाची गोडी लावली ती चाचा विलायत अली यांनी. ते बाराबंकीत वकील होते. पुढं रफी साहेब अलीगढला शिकायला गेले. कायद्याचा अभ्यास चालू असतानाच खिलाफत आणि असहकाराची चळवळ उभी राहिली. त्यांनी अभ्यास सोडला आणि तुरुंगाची वाट धरली. नंतर मोतीलाल नेहरूंचे सचिव झाले, १९२६ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात निवडून गेले. १९३० साली ते पदही सोडलं आणि रायबरेलीच्या शेतकऱ्यांमध्ये उतरून लगानबंदीचं काम केलं. पुन्हा तुरुंग.

१९३७ साली प्रांतात गोविंद वल्लभ पंतांचं मंत्रिमंडळ आलं. रफी साहेबांकडे दोन खाती आली, महसूल आणि तुरुंग. कालचा कैदी आज तुरुंगांचा मंत्री! काकोरी खटल्यातले कैदी त्याच वर्षी सुटले. बाकीच्या राजकीय कैद्यांच्या सुटकेला गव्हर्नरनं आडकाठी केली, तेव्हा फेब्रुवारी १९३८ मध्ये अख्ख्या मंत्रिमंडळानं राजीनामा दिला. शेवटी गव्हर्नरला नमतं घ्यावं लागलं. महसूलमंत्री म्हणून त्यांनी कुळांना संरक्षण देणारा कायदा पुढं नेला. स्वतःच्या जमीनदार वर्गाला तो झोंबणारा होता, तरी ते हटले नाहीत.

१९४६ मध्ये गृहखातं त्यांच्याकडे आलं. इथं थोडं थांबून हे पद काय असतं ते समजून घेऊ. आपल्याकडे पोलीस हा तेव्हाही प्रांताचा विषय होता, आजही राज्याचाच आहे. गृहमंत्री स्वतः गुन्ह्याचा तपास करत नाही, कुणाला शिक्षाही देत नाही. तपास पोलिसांचा, निकाल कोर्टाचा. मंत्र्याचं काम धोरण ठरवण्याचं, खात्याला पैसा आणि माणसं मिळवून देण्याचं, अधिकाऱ्यांवर लक्ष ठेवण्याचं. आणि सगळ्यात अवघड काम म्हणजे विधानसभेत उभं राहून उत्तर देण्याचं. लाठी शिपायाच्या हातात असते, पण जाब मंत्र्याला विचारला जातो.

आणि वर्ष कोणतं, तर १९४६! नोव्हेंबरात गढमुक्तेश्वरच्या जत्रेत दंगल पेटली, मुसलमान मारले गेले. ही आग थांबली नाही, हे खरं आहे आणि ते झाकायचं कारण नाही. गृहमंत्री मुसलमान असला म्हणून मुसलमान आपोआप सुरक्षित होत नाही, हा त्या दिवसांचा कडू धडा आहे. लीगवाले काँग्रेसमधल्या मुसलमानांना आपलं मानत नव्हते, आणि दुसऱ्या बाजूचे कट्टर लोक त्यांच्यावर भरवसा ठेवत नव्हते. अशा कात्रीत रफी साहेबांना काम करावं लागलं.

ऑगस्ट १९४७ मध्ये ते नेहरूंच्या मंत्रिमंडळात दळणवळणमंत्री झाले. त्यांच्यानंतर प्रांतातलं पोलीस खातं लालबहादूर शास्त्रींकडे गेलं. आणि दोनच महिन्यांत, ऑक्टोबरात, रफी साहेबांचे सख्खे भाऊ शफी अहमद किडवई मसुरीत मारले गेले. शफी साहेब तिथल्या नगरपालिकेचा कारभार पाहत होते. ज्या प्रांताचं पोलीस खातं भावानं सांभाळलं, त्याच प्रांतात त्यांना वाचवता आलं नाही. शफी साहेबांच्या बेगम अनीस किडवई यांनी दुःख उराशी धरून दिल्लीत निर्वासितांच्या छावण्यांमध्ये काम केलं. रफी साहेबही मुल्क सोडून गेले नाहीत, कुणाचा सूड घ्यायला निघाले नाहीत. मंत्रालयात कामाला लागले.

दळणवळण खात्यात त्यांनी रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू केली. १९५२ मध्ये बहराइचमधून लोकसभेवर निवडून आले आणि अन्नमंत्री झाले. तेव्हा रेशनच्या रांगा आणि काळाबाजार यांनी लोक हैराण होते. त्यांनी धान्यावरची नियंत्रणं उठवली. अनेकांना भीती वाटत होती, पण धान्य बाजारात आलं.

२४ ऑक्टोबर १९५४ रोजी दिल्लीत त्यांचा इंतकाल झाला. मसौलीच्या मातीत त्यांची कबर आहे. इतकी वर्षं मंत्री राहिलेल्या या माणसानं मागं ठेवलं काय? गावातलं पडकं घर आणि डोक्यावरचं कर्ज. जे हातात आलं, ते मागणाऱ्याला देऊन टाकलेलं.

आपल्या घरांत आजही पोलीस म्हटलं की एक तर भीती असते, नाही तर राग. त्याला कारणंही आहेत. पण दूर राहून खातं बदलत नाही. आपली मुलं-मुली पोलीस भरतीला उतरली पाहिजेत, स्पर्धा परीक्षांना बसली पाहिजेत. आणि तिथं पोहोचल्यावर ती फक्त आपल्या मोहल्ल्याची नकोत, ठाण्यात येणाऱ्या प्रत्येकाची असायला हवीत. खुर्ची ही अमानत असते, हे रफी साहेबांनी रिकाम्या हातांनी जाऊन दाखवलं.

अल्लाह मरहूमांची मग्फिरत करो. आमीन. आणि पुढच्या वेळी त्या रस्त्यानं जाताना मुलांना पाटी दाखवून नक्की सांगा, हे कोण होते ते.