प्रमथनाथ बोस

गोंदियाहून पूर्वेस निघालेली आगगाडी डोंगरगड, राजनांदगाव ही गावे मागे टाकीत दुर्गला पोहोचते. दुर्गच्या दक्षिणेस दल्ली-राजहऱ्याचे तांबूस-काळे डोंगर आहेत. तेथील दगड हाती घेतला, तर आकाराच्या मानाने तो फारच जड लागतो. या मुलखातील लोखंडाची शास्त्रीय माहिती १८८७ साली प्रसिद्ध करणारे संशोधक म्हणजे प्रमथनाथ बोस.

त्यांचा जन्म १८५५ साली बंगालमधील गैपूर या खेड्यात झाला. शिष्यवृत्ती मिळवून ते विलायतेस गेले आणि १८८० साली भारतीय भूगर्भ सर्वेक्षण खात्यात अधिकारी झाले. त्या दर्जाच्या जागेवर नेमले गेलेले ते पहिलेच भारतीय होत.

त्या काळी खनिजांचा शोध हे पायपिटीचे काम होते. ओढ्यातील गोटे न्याहाळीत उगमाकडे जावे, कड्याचा तुकडा हातोडीने फोडावा आणि आतील रंग पाहावा, असा तो क्रम असे. अर्थात मातीच्या लहान भट्ट्यांत लोखंड गाळणाऱ्या तेथील कारागिरांना या दगडाचे गुण पिढ्यान् पिढ्या ठाऊक होते, हेही सांगितले पाहिजे.

पुढे दोराबजी टाटांनी नागपूरच्या अजबबंगल्यात एक भूगर्भीय नकाशा पाहिला. त्यावर दुर्गचा प्रदेश लोखंड दर्शविणाऱ्या गडद रंगाने रंगविलेला होता. ते शोध घेत राजहऱ्यास पोहोचले. परंतु दगड जमिनीत किती खोल गेला आहे, हे हातोडीला सांगता येत नाही. त्यासाठी हिरकण्या बसविलेल्या पोकळ नळीने डोंगर विंधावा लागतो आणि नळीतून निघालेला दगडाचा दांडा तपासावा लागतो. राजहऱ्यास तीही परीक्षा झाली. खनिज उत्तम ठरले. पण कारखान्यास लागणारा दगडी कोळसा व पाणी जवळ नव्हते.

इकडे १९०३ साली प्रमथनाथांना डावलून त्यांच्याहून दहा वर्षांनी कनिष्ठ असलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यास खात्याचे प्रमुखपद देण्यात आले. प्रमथनाथांनी नोकरी सोडली व ते मयूरभंज संस्थानात गेले. तेथे गोरुमहिसानीच्या डोंगरात त्यांना विपुल लोखंड आढळले. बंगालचा कोळसाही तेथून जवळ होता. २४ फेब्रुवारी १९०४ रोजी त्यांनी जमशेटजी टाटांना पत्राने हे कळविले. मे महिन्यात जमशेटजी वारले. परंतु त्यांच्या मुलाने काम थांबविले नाही. साकची येथे कारखाना उभा राहिला आणि १९१२ साली तेथे पोलाद तयार झाले.

राजहऱ्याच्या डोंगरांना मात्र पुष्कळ वाट पाहावी लागली. त्यांच्या खनिजासाठी भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली ती १९५९ साली. तेव्हा प्रमथनाथांना जाऊन पंचवीस वर्षे झाली होती.