रुपेरी हास्याचे शिल्पकार डॉ. चार्ल्स पिंकस

चित्रपटात चेहऱ्यांची समीपदृश्ये येऊ लागली, तसे कलावंतांच्या दातांतील व्यंग पडद्यावर लपेनासे झाले. कॅलिफोर्नियातील दंतवैद्य डॉ. चार्ल्स पिंकस यांनी १९२८च्या सुमारास हॉलिवूडसाठी त्यावर तोड काढली. दाताच्या दर्शनी भागावर बसणारे पातळ कवच त्यांनी तयार केले. हेच आजच्या ‘व्हेनिअर’चे पूर्वरूप. बालतारका शर्ली टेंपल हिचे दुधाचे दात पडू लागले, तेव्हा तिचे हास्य पडद्यावर अखंड राखण्याचे श्रेयही पिंकस यांना दिले जाते. दंतवैद्याने दुखणे दूर करावेच, पण चेहऱ्याचे रूपही जपावे, ही दृष्टी त्यांनी दिली.

ही कवचे कवळी चिकटवण्याच्या भुकटीने बसवत आणि चित्रीकरण संपताच काढून ठेवत. ती कायमची जोडण्याचे साधन तेव्हा उपलब्ध नव्हते. १९५५मध्ये अमेरिकी संशोधक डॉ. मायकेल बुओनोकोर यांनी आम्लाने दाताचा पृष्ठभाग खरखरीत करण्याची पद्धत मांडली. पुढे १९८०च्या दशकात पोर्सेलिनची कवचे दातांवर पक्की बसू लागली.

अकोला जिल्ह्यातील हिवरखेडसारख्या गावातून लग्नापूर्वी शहरातील दवाखाना गाठणाऱ्या तरुणांनी यातील भेद जाणावा. पिंकस यांचे कवच काढले की मूळ दात शाबूत राही. आजच्या व्हेनिअरसाठी मात्र बहुधा सुमारे अर्धा मिलिमीटर एनॅमल घासावे लागते आणि ते पुन्हा येत नाही. कवचही साधारण १० ते १५ वर्षांनी बदलावे लागते. खर्ऱ्याचे वरवरचे डाग तर अनेकदा साध्या सफाईनेही निघतात.