तिचा रिपोर्ट तिलाच कळला नव्हता

मैत्रिणींनो, आमच्या लहानपणी गावात मलेरियाची फवारणी करायला माणसं यायची, आठवतं? आई घाईघाईने भांडी, पीठ, पाळणा सगळं अंगणात काढायची. फवारणी झाली की भिंतीवर तारीख टाकून ती माणसं पुढच्या घरी जायची आणि घराला दोन दिवस तो उग्र वास यायचा. ते डीडीटी. पुढे कॉलेजात पर्यावरणाच्या पेपरला डीडीटीविरुद्ध पुस्तक लिहिणाऱ्या अमेरिकन बाईचं नाव पाठ केलं होतं, रेचेल कार्सन. दोन मार्कांचा प्रश्न, परीक्षा झाली, विसरून गेले. ते पुस्तक लिहिताना या बाईला स्तनाचा कॅन्सर होता आणि तो आहे हे तिच्यापासूनच लपवलं गेलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हापासून ती काही मनातून जात नाही.

रेचेलचा जन्म २७ मे १९०७ चा, पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या स्प्रिंगडेल या छोट्या गावचा. घरची परिस्थिती बेताची. आई मात्र जिद्दीची. पोरीला रानात हिंडवायची, पक्षी दाखवायची. रेचेल प्राणिशास्त्र शिकली, १९३२ मध्ये एम. ए. झाली. पुढेही शिकायचं होतं, पण घर चालवायचं कुणी? १९३५ मध्ये वडील गेले. १९३७ मध्ये मोठी बहीण गेली, मागे दोन मुली ठेवून. अविवाहित रेचेलच्या पगारावर आई आणि दोन भाच्या असं सगळं घर उभं राहिलं. सरकारच्या मत्स्य खात्यात नोकरी आणि रात्री लेखन. १९५१ मध्ये समुद्रावरचं तिचं पुस्तक आलं आणि अमेरिकाभर गाजलं. हातात चार पैसे आले तशी तिने नोकरी सोडली. आता निवांत लिहू म्हणेपर्यंत १९५७ मध्ये भाची वारली. तिचा पाच वर्षांचा मुलगा रेचेलने पन्नाशीच्या उंबरठ्यावर दत्तक घेतला. पुढच्याच वर्षी आई गेली. आपल्याकडेही अशी एखादी मावशी नाहीतर आत्या असते ना घरात, सगळ्यांचं करण्यात स्वतःकडे बघायचं राहूनच गेलेली!

पण रेचेल तब्येतीच्या बाबतीत अगदीच बेफिकीर नव्हती. १९५० मध्ये तिच्या डाव्या स्तनातली एक गाठ काढली होती. ती साधी निघाली. हे मुद्दाम सांगते, कारण गाठ लागली की आपल्या पायाखालची जमीनच सरकते. स्तनातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. मात्र ही साधी आणि ती वाईट, हे बोटांनी चाचपून घरी ठरवता येत नाही. त्यासाठी तपासणीच लागते.

१९६० च्या वसंतात त्याच स्तनात पुन्हा गाठी सापडल्या. या वेळी एप्रिलमध्ये मोठं ऑपरेशन झालं, संपूर्ण स्तन काढला. शुद्धीवर आल्यावर तिने डॉक्टरांना सरळ विचारलं, की हा कॅन्सर होता का. डॉक्टरांनी तसं काही नाही असं भासवलं. पुढे कोणतेही उपचार सुचवले नाहीत. विचारणारी बाई शास्त्रज्ञ होती. त्याच दिवसांत रसायनं आणि कॅन्सर यांच्या संबंधावरची प्रकरणं लिहीत होती. तरीही तिला खरं सांगितलं नाही.

तो काळच तसा होता म्हणे. १९६१ मध्ये शिकागोच्या एका इस्पितळातल्या डॉक्टरांना प्रश्नावली दिली, तेव्हा दहापैकी जवळजवळ नऊ जणांनी कॅन्सरच्या रोग्याला सहसा आजाराचं नाव सांगत नाही असं कळवलं. बाई विवाहित असेल तर नवऱ्याला बाजूला घेऊन सांगायची पद्धत होती. रेचेलला नवरा नव्हता.

डिसेंबरमध्ये ऑपरेशनच्याच बाजूला, बरगडीपाशी तिला एक टणक उंचवटा हाताला लागला. या वेळी ती दुसऱ्या डॉक्टरांकडे गेली, क्लीव्हलँडचे डॉ. जॉर्ज क्राइल. त्यांनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. एप्रिलमधला आजार कॅन्सरच होता आणि आता तो पसरला होता. मधले आठ महिने उपचाराविना गेले होते. ते आठ महिने मिळाले असते तर ती जगली असती का? कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण निर्णय तिला घेता आला असता, एवढं नक्की.

हे वाचताना मला आमच्या भागातल्या एक काकू आठवल्या. ऑपरेशन झालं आणि घरच्यांनी त्यांना चरबीची गाठ होती म्हणून सांगितलं. हेतू चांगला होता, काकूंनी हाय खाऊ नये. पण फेरतपासणीची तारीख आली तेव्हा काकूच म्हणाल्या की आता मी बरी आहे, उगाच एस. टी. चं भाडं कशाला. आणि गेल्याच नाहीत. शिबिरात बसलं की हेच दिसतं. बाई समोर खुर्चीवर आणि फाईल नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या पिशवीत. वाचता येणाऱ्या बायकासुद्धा स्वतःचा रिपोर्ट उघडून बघत नाहीत. अहो, रेशनकार्डावरचं नाव आपण दहादा तपासतो! गाठ काढली असेल तर तिचा तुकडा तपासायला पाठवला का, रिपोर्ट काय आला, पुढे काय करायचं, हे तीन प्रश्न बाईने स्वतःच्या तोंडाने विचारावेत. संकोच वाटला तर सोबत मैत्रीण न्यावी, आशाताईंना न्यावं.

आणि त्याच्या आधीची पायरी म्हणजे लक्ष ठेवणं. आंघोळीच्या वेळी, आरशासमोर. स्तनात किंवा काखेत गाठ, एका बाजूचा आकार बदलणं, कातडी आत ओढल्यासारखी किंवा संत्र्याच्या सालीसारखी दिसणं, बोंड नव्याने आत जाणं, त्यातून रक्त किंवा पाणी येणं. दुखत नाही म्हणून थांबायचं नाही. सुरुवातीला या गाठी बहुधा दुखतच नाहीत आणि तिथेच आपण फसतो. दुखलं असतं तर केव्हाच गेलो असतो! सुई टोचली की आजार पसरतो, ही भीतीही बायका मनात धरून असतात. सुईच्या तपासणीने आजार पसरत नाही, उलट तिच्यामुळेच निदान होतं.

मॅमोग्राफीचं यंत्र आपल्या तालुक्याला नसेलही. पण नुसत्या शिकलेल्या हातांनीसुद्धा फरक पडतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी १९९८ पासून वस्त्यांमधल्या दीड लाखाहून जास्त बायकांचा वीस वर्षं मागोवा घेतला. त्यातल्या निम्म्या बायकांना प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका ठरावीक वर्षांनी हाताने तपासत होत्या. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. तपासणी झालेल्या बायकांमध्ये आजार लवकरच्या टप्प्यात सापडला आणि पन्नाशी ओलांडलेल्यांत या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत मृत्यूंमध्ये तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. तिशीनंतरच्या बायकांची अशी तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत करायची योजना आहे. केव्हा होते ते विचारून घ्यावं.

खरं कळल्यावर रेचेलने काय केलं? शेक घेतले आणि पुस्तक पुरं करायला बसली. १९६१ च्या सुरुवातीला डोळ्यांना सूज आली, काही आठवडे वाचताही येईना. मदतनीस बाई प्रकरणं वाचून दाखवायची आणि ही ऐकून दुरुस्त्या सांगायची. ‘सायलेंट स्प्रिंग’ सप्टेंबर १९६२ मध्ये आलं. कीटकनाशकांच्या कंपन्या तुटून पडल्या, बाईमाणूस म्हणून हिणवलं गेलं. आजाराचा सुगावा लागला तर स्वतःच्या दुखण्याचा राग काढते आहे असं म्हणतील, म्हणून तिने तो जगापासून लपवला. केस गेले तिथे टोप घातला. हे लपवणं मला पटतंही आणि वाईटही वाटतं. पण निदान हे तिचं स्वतःचं ठरवणं होतं. ४ जून १९६३ रोजी अमेरिकेच्या सिनेटच्या समितीपुढे ती बसली आणि शांतपणे, मुद्देसूद बोलली. तेव्हा आजार हाडांत उतरला होता, हे समोरच्यांना ठाऊक नव्हतं.

१४ एप्रिल १९६४ रोजी ती गेली, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी. अमेरिकेत शेतीसाठी डीडीटीवर बंदी आली ती १९७२ मध्ये. दत्तक घेतलेला मुलगा तेव्हा बारा वर्षांचा होता. तिच्या पुस्तकांचे संपादक पॉल ब्रुक्स यांनी त्याला आपल्या घरी नेलं आणि वाढवलं.